रिव्हर्स टाकताच पार्किंग सेन्सर अखंड वाजतो, मागे काहीच नसताना

बाहेरून पुसलं, फ्यूज बदलला, फरक शून्य. वैताग आला.

कारण निघालं काळ्या मातीचं. रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यांतला चिखल सेन्सरभोवतीच्या रबरी रिंगेत शिरून वाळतो. सेन्सर थरथरून ध्वनिलहरी सोडतो; ती थरथर मग बंपरमध्ये उतरते आणि तीच अडथळा म्हणून मोजली जाते. वरून पुसून हे जातच नाही.

इग्निशन बंद करा. बंपरच्या आतून कनेक्टर काढा, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून सेन्सर सोडवा. रिंग कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा. पेट्रोल नको, रबर फुगतं. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर असेल तर काँटॅक्ट क्लीनर (विजेच्या जोडण्या साफ करायचा स्प्रे) मारा. पूर्ण वाळल्यावरच रिंग सारखी बसवा, दुमडली तर बीप परत येतो.

तरीही वाजला, तर संशयित सेन्सर शेजारच्याशी बदला. बिघाड सोबत सरकला तर सेन्सर गेला. जागेवरच राहिला तर वायरिंग तपासा.