आडनाव दुर्मिळ आहे? मग त्याचं मूळ गाव असं शोधा

"पाहुणे कुठले?" हे आपल्याकडं सगळ्यांनाच विचारतात, पण ज्याचं आडनाव कोणी ऐकलेलंच नसतं त्याला दोनदा विचारतात. आमचं तसलंच आहे. इथं टाकत नाही, कारण नाशकात आमची घरं जेमतेम सहा-सात, टाकलं की रात्रीपर्यंत आत्याचा फोन येणार की घरातलं चव्हाट्यावर का मांडलंस. पण गेली तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी मी हाच उद्योग करतोय आणि आता दुसऱ्याला सांगण्याइतपत डोकं तयार झालंय, म्हणून लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. आडनावाचा अर्थ शेवटी बघायचा. मी उलटं केलं, पहिले चार महिने शब्दकोश उघडून बसलो, हे या शब्दावरून आलं असेल, ते त्या धंद्यावरून आलं असेल, आणि काकांचं आपलं वेगळंच की आपण मूळचे चितोडचे. (कोणत्याही घरात एक काका असतोच, आणि तो चितोडहून नाहीतर थेट पेशव्यांच्या खास मर्जीतून आलेला असतो.) अर्थावरून गाव सापडत नाही, गाव सापडलं की अर्थ कधी कधी सापडतो.

तात्या टोपेंचंच बघा की. आपल्या येवल्याचे, जन्म १८१४. घराणं आधी येवलेकर म्हणून ओळखलं जायचं. मग टोपे कुठनं आलं? एक गोष्ट सांगतात की दुसऱ्या बाजीरावाने खूश होऊन टोपी दिली, दुसरी सांगतात की तोफखान्याशी संबंध होता म्हणून. एवढा गाजलेला माणूस, १८५९ ला शिवपुरीला फाशी गेला, सगळ्या इतिहासात नाव, तरी आडनावाच्या दोन दोन गोष्टी चालतात, मग आपल्यासारख्यांचं काय. आणि टोपे आडनाव जालन्याकडंही आहे, त्यांचं मूळ येवल्यात शोधायला गेलात तर फक्त टोपीच्या गोष्टीवर भागणार नाही. एकच शब्द दोन ठिकाणी वेगवेगळ्या कारणाने आडनाव होऊ शकतो. म्हणून गोष्ट नाही, जागा शोधायची.

सुरुवात घरातल्या पेटीतनं करा. जुन्या लग्नपत्रिका काढा. लोक त्या टाकून देतात पण आडनावाच्या कामाला त्याच्याइतकी भारी वस्तू नाही, कारण खाली निमंत्रकांची जी लांबलचक यादी असते त्यात भाऊबंदकीतला एकूण एक माणूस घातलेला असतो (नाही घातला तर भांडण), आणि पुढे गाव. माझ्या आजोबांच्या चुलत भावाच्या लग्नाची गुलाबी कागदावरची पत्रिका मिळाली, त्यात चार गावं होती, त्यातली दोन आम्हाला माहीतच नव्हती. दशक्रियेचे फ्लेक्स आणि पेपरातल्या निधनवार्ता पण सोडू नका, "शोकाकुल समस्त अमुक परिवार" च्या खाली लेकी-जावयांची गावं पण येतात. मी तर रस्त्यात गाडी थांबवून फोटो काढलेत, लोक विचित्र नजरेने बघतात, बघू दे.

मग कुलदैवत. वणीची सप्तशृंगी असेल तर त्यावरून फार काही कळत नाही कारण अर्ध्या जिल्ह्याची तीच आहे, पण घरातला कुळाचार लांबच्या एखाद्या छोट्या देवाचा असेल आणि का तो कोणालाच सांगता येत नसेल तर तो धागा धरून ठेवा, माणूस गाव सोडतो पण देव सहसा सोबत नेतो.

आता नाशिककरांची चंगळ. रामकुंडावरच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात, लांबट, जाड, पिढ्यानपिढ्या जपलेल्या. बाहेरचे लोक तिकीट काढून येतात त्यासाठी आणि आपण रोज तिथून भाजी घेऊन घरी जातो. तिथं गेल्यावर आधी आडनाव सांगून उपयोग नाही, ते विचारतील गाव कुठलं, तालुका कुठला, जात कोणती, कारण उपाध्यायांमध्ये यजमान वाटून घेतलेले असतात. हल्लीचं नाही, आजोबा-पणजोबांचं गाव सांगा. मी आधी "नाशिक" सांगितलं आणि तीन ठिकाणी फिरलो, कोणाकडं काही नाही. मग पत्रिकेतलं निफाडकडचं एक गाव सांगितलं, तर एका गुरुजींनी लगेच पलीकडच्या घराकडं बोट दाखवलं.

वहीत काय असतं तर जो आला त्याचं नाव, बाप, आजा, भाऊ, मुलं, काही ठिकाणी आई आणि आईचे वडील पण, कारण श्राद्धात आईकडच्या तीन पिढ्या पण लागतात. पुष्कळदा खाली यजमानाची सही, त्याच्याच अक्षरात. आणि आपल्या कामाचं खरं सोनं म्हणजे "मूळ राहणार अमुक, हल्ली वस्ती तमुक" ही ओळ. आडनाव कुठून कुठे सरकलं ते या एका ओळीत असतं. माझ्या पणजोबांच्या नावापुढे "हल्ली वस्ती नाशिक" होतं आणि शाई जरा फुटलेली होती, मी तिथं किती वेळ बघत बसलो मलाच माहीत नाही, गुरुजी म्हणाले उतरवून घ्या आता, दुसरे यजमान थांबलेत. फोटो काढायच्या आधी विचारा, दक्षिणा द्या, सिंहस्थाच्या आणि पितृपक्षाच्या गर्दीत जाऊ नका. आणि जाताना आपल्या घरातली नवी नावं पण लिहून या, वही चालू राहते ती अशीच.

एवढं झालं की आजची मोजदाद करायची. जनगणनेवर विसंबू नका, १९४८ च्या कायद्याने जनगणनेतली माणसांची वैयक्तिक माहिती गुप्त असते, आकडे मिळतात, नावं नाही. त्यापेक्षा मतदार याद्या बऱ्या, निवडणूक आयोगाच्या साइटवर भागवार पीडीएफ मिळतात. कंटाळवाणं काम आहे, पण दुर्मिळ आडनावाचा इथंच फायदा, पाटील किंवा पवार असतात तर जन्म गेला असता.

मोजायचं ते देवनागरीत मोजा. जगभरातली आडनावं मोजून देणाऱ्या ज्या वेबसाइट आहेत त्या इंग्रजी स्पेलिंगवर चालतात, त्यात काळे आणि काले एकच होतात, एका ढवळेचे तीन होतात. आणि ळ चा ल, ण चा न, व चा ब झालेली रूपं पण शोधायची. आमच्या आडनावाची पाच रूपं निघाली, त्यातलं एक तर सख्ख्या चुलत्याचं, शाळेत मास्तरांनी जे लिहिलं ते दहावीच्या सर्टिफिकेटवर आलं आणि कायमचं बसलं. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर बघायला मिळालं तर जरूर बघा, त्यात जन्मगाव असतं.

मोजताना शहरातली घरं आणि खेड्यातली घरं वेगळी मांडा. १८९० साली हेन्री गपी नावाच्या एका इंग्रजाने इंग्लंडमधली आडनावं कुठली कुठली ते शोधताना फक्त शेतकरी मोजले होते, कारण शेतकरी सगळ्यात कमी हलतो. आपल्याकडं पण हेच लागू. नाशिकरोडला प्रेसमध्ये, ओझरला एचएएलमध्ये, सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत कामाला आलेल्या माणसाच्या पत्त्यावरून मूळ कळत नाही, तो कुठूनही आलेला असतो. पण एखाद्या खेड्यात त्याच आडनावाची तीन-चार घरं असतील, जमीन असेल आणि ती आपसात लांबची भाऊबंद असतील तर तिथं थांबायचं.

मग जमिनीचे कागद. सात-बारावरून फेरफारावर जायचं, फेरफारात वारस नोंद असते, म्हणजे बाप मेला, मुलांची नावं लागली, कोण परगावी राहतो ते पण कधी कधी. "आपले अभिलेख" या सरकारी साइटवर आपल्या जिल्ह्याचे स्कॅन केलेले जुने कागद थोडी फी भरून मिळतात. त्याच्या मागे जायचं तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाकडची जन्म-मृत्यूची जुनी नोंद. २०२३ नंतर कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा असले पुष्कळ कागद बाहेर आले आणि जिल्ह्यांच्या साइटवर चढले, तुमची जात कोणती का असेना, गावातली नावं वाचायला ते उपयोगी पडतात. मी एका ऑफिसात गेलो तर चार हेलपाटे घातल्यावर सांगितलं रेकॉर्ड जीर्ण झालंय, पाचव्यांदा गेलो तर दुसऱ्याच माणसाने पाच मिनिटात काढून दिलं. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, एवढंच सांगतो.

१८६९ च्या आधीचे कागद नाशिकच्या नावाने शोधू नका, तेव्हा नाशिक जिल्हाच नव्हता. बराचसा भाग अहमदनगरमध्ये होता आणि मालेगाव, बागलाण, नांदगाव खानदेशात. हे मला उशिरा कळलं. त्या काळातलं गाव कसं होतं, तिथं कोण राहायचं याचा अंदाज यायला १८८३ चं नाशिक गॅझेटियर वाचा. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, जुनी पुस्तकं चाळायला तिथं बसायचं. पेशवाईतलं हवं असेल तर पुण्याचं पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ, खानदेशाकडचं असेल तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ.

तिथले कागद मोडीत. मोडी थोडी तरी शिका, निदान आपलं आडनाव आणि गाव ओळखण्यापुरती, कारण शब्द सुटे लिहिलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. आणि मोठा धक्का म्हणजे आडनाव पुष्कळदा नसतंच! "अमुक बिन तमुक", "अमुक वलद तमुक" (दोन्हीचा अर्थ तमुकचा मुलगा अमुक), पुढे जात नाहीतर गाव, संपलं. शाळा, रेल्वे, कचेरी आली तसं प्रत्येकाला आडनाव लिहावं लागलं, आणि तेव्हा जे सुचलं ते लिहिलं. म्हणून एका पिढीत आडनाव गायब झालं तर घाबरू नका, बापाचं नाव आणि गाव धरून मागे जा.

साल काढायचं गणित पाठ करून ठेवा. जुन्या कागदांवर इसवी सन नसतो, वेगवेगळ्या कालगणना असतात. शके असेल तर ७८ मिळवा, फसली (महसुलाचं साल) असेल तर ५९०, सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांवर असतो तो) असेल तर ५९९. म्हणजे शके १७७५ आणि फसली १२६३ दोन्ही १८५३ च्या आसपासचे. सुहूर सन तर अरबी शब्दात असतो, "इहिदे सबैन मया व अलफ" म्हणजे एक, सत्तर, शंभर, हजार, एकूण ११७१, म्हणजे इसवी १७७०-७१. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी घरात सगळ्यांना ऐकवत फिरलो, कोणाला काही पडलेली नव्हती.

आता दोन खड्डे. पहिला "कर" चा. शेवटी कर आहे म्हणजे गाव सापडलंच असं वाटतं. कुसुमाग्रज शिरवाडकर, गाव निफाडातलं शिरवाडे वणी, इथपर्यंत ठीक. पण त्याच निफाडात शिरवाडे वाकद पण आहे, आणि पिंपळगाव तर मोजू नका, बसवंत वेगळं, बहुला वेगळं. शिवाय गावाचं नाव गाव सोडल्यावर लागतं, शिरवाड्यात राहणाऱ्याला शिरवाडकर कोण म्हणेल? म्हणजे कर असलेलं आडनाव मूळ गावापेक्षा दुसऱ्या गावातच जास्त सापडणार. कुसुमाग्रजांचंच अजून एक, ते जन्माने गजानन रंगनाथ, दत्तक गेल्यावर विष्णू वामन झाले. दत्तक घरातल्या घरात होतं म्हणून आडनाव टिकलं, बाहेर असतं तर वंशावळीत माणूस एकदम हरवतो. म्हणून नावं जुळत नसली की दत्तकाची शंका घ्या.

दुसरा खड्डा हुद्द्यांचा. पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौधरी, यांच्याखाली जुनं आडनाव गाडलेलं असतं. गावात आपलं दुर्मिळ आडनाव सापडत नसेल तर तिथल्या पाटलांना विचारा तुमचं मूळचं कुल कोणतं. उलट पण होतं, ऐकायला बरं वाटत नाही म्हणून लोकांनी आडनावं बदलली, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जुनं नाव-नवीन नाव छापून येतं, ते शोधता येतं. आणि काही आडनावं कोणी न बदलता संपतात, घरात सगळ्या मुलीच झाल्या की झालं. १८७० च्या दशकात गाल्टन आणि वॉटसन या दोन इंग्रज अभ्यासकांनी याचं गणितच मांडलं होतं. आमच्या एका शाखेत सलग दोन पिढ्या मुली, ती शाखा कागदावर संपलेली दिसते आणि प्रत्यक्षात सिन्नरला मजेत नांदतेय, दुसऱ्या आडनावाने.

हे सगळं एका नकाशावर मांडा, साधा तालुक्यांचा छापील नकाशा चालतो. तीन रंग घ्या, स्वातंत्र्याआधीच्या नोंदी, १९७२ च्या दुष्काळापर्यंतच्या, आणि आजच्या. माझ्या नकाशात आजचे ठिपके नाशिक, पुणे, ठाणे असे विखुरलेले आहेत, मधले निफाड-सिन्नरच्या मध्ये, आणि जुना रंग फक्त दोन गावांत. त्यातल्या एका गावात मागच्या माघात गेलो. आधी पोलीस पाटलांना फोन केला होता, ते म्हणाले या नावाचं आमच्याकडं कोणीच नाही. तरी गेलो. पारावर दोन म्हातारे बसले होते, त्यांनाही आडनाव माहीत नव्हतं. मग मी माणसं सोडून जागा विचारायला लागलो, मळे कोणते, विहिरी कोणत्या, वस्त्या कोणत्या, आणि तिसऱ्या-चौथ्या नावाला त्यातल्या एकाने सहज आमचं आडनाव घेतलं, त्याच्या पुढे "मळा" लावून. आता तिथं दुसऱ्याच कोणाचे कांदे आहेत.