गरीब कुटुंबं मंडळीतून गळू लागली तर: या चुका टाळा

एखादं कुटुंब चर्चमध्ये, मंडळीच्या उपासनेला, यायचं थांबतं. विचारलं तर ‘वेळच मिळत नाही’ म्हणतात, आणि आपण ‘विश्वासात थंड पडले’ असं ठरवून मोकळे होतो. त्याआधी हजेरी आठवून पाहा. सहलीची वर्गणी जाहीर झाली तेव्हापासून ते दिसेनासे झाले का? नाताळच्या कार्यक्रमात मुलांना एकाच रंगाचे नवे कपडे हवेत असं सांगितल्यापासून? मंडळीच्या कामात राहून मला वाटू लागलंय की माणसं पैशांच्या अडचणीपेक्षा ती चारचौघांत उघडी पडण्याला जास्त घाबरतात.

देणगीदारांची यादी वाचणं

माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं इथेच दुखावतात. नाव, आकडा, टाळ्या. ज्याचं नाव येत नाही, त्याला मान वर करवत नाही. दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेबद्दल येशू बोलला तेव्हा तिच्याजवळ मागे काय उरलं, हे त्याने पाहिलं होतं (मार्क 12). आपली यादी ते कधीच सांगत नाही. म्हणून आकडे वाचणं बंद करा आणि पावती ज्याची त्याला हातात द्या. थाळी रांगेतून फिरवण्याऐवजी दाराजवळ पेटी ठेवली, तर रिकाम्या हाताने आलेल्यालाही कुणाची नजर चुकवावी लागत नाही.

‘ज्यांना जमत नाही त्यांनी पाळकांना भेटावं’

हे वाक्य मायेनेच बोललं जातं, पण सगळा भार मागणाऱ्यावर टाकतं. सहल असो की शिबिर, माणशी खर्च किती येतो ते सांगा आणि सर्वांना सारखीच बंद पाकिटं द्या. कुणी जास्त घालेल, कुणी कमी, कुणी काहीच नाही. तूट येणार हे धरून वर्षाच्या अंदाजपत्रकातच तिची तरतूद करा. खजिनदाराने पाकिटांवर खुणा करू नयेत, हे आधीच बजावलेलं बरं.

सहभोजन आणि वेळ

करिंथच्या मंडळीत एक जण उपाशी राही, दुसरा पिऊन मस्त होई. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असं प्रेषित पौलाने पत्रातून खडसावून विचारलं आणि एकमेकांसाठी थांबा असं सांगितलं (1 करिंथ 11). ‘प्रत्येकाने एक पदार्थ आणा’ या सूचनेत आजही तीच लाज दडलेली असते. स्वयंपाक मंडळीच्या खर्चाने एकत्र करा. मात्र वाढणं आणि भांडी घासणं दर वेळी त्याच गरीब बायकांकडे जाऊ देऊ नका; मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांचीही पाळी लावा. शिफ्टमध्ये नोकरी करणाऱ्यांना गाठता येईल अशी निदान एक सभा ठेवा, आणि ती शेवटच्या गाडीच्या आत संपवा.

ठरलेल्या जागा

एकेकाळी इंग्लंड-अमेरिकेतल्या अनेक चर्चमध्ये बाकं भाड्याने दिली जात. 1860 साली अमेरिकेत फ्री मेथडिस्ट चर्च स्थापन झालं, तेव्हा बसायला फुकट जागा हा त्यांचा एक मुख्य आग्रह होता. आता भाडं गेलं, पण पुढच्या बाकांवर हक्क सांगणारी घराणी उरली आहेत. तिसऱ्या शतकातल्या ‘दिदास्कालिया’ या सीरियातल्या नियमग्रंथात बिशपला सांगितलंय की गरीब माणूस आला आणि जागा नसेल, तर त्याला जागा करून दे, मग तुला जमिनीवर बसावं लागलं तरी चालेल.

फक्त घेणारे बनवून ठेवणं

मदत वाटतानाचे फोटो बंद करा. त्यावर जास्त बोलायची गरज नाही. त्यापुढचा प्रश्न अवघड आहे: मदत ठरवणाऱ्या समितीत मदत घेणाऱ्यांपैकी कोण आहे? यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होते अशी तक्रार आली, तेव्हा वाटपासाठी निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक होती (प्रेषितांची कृत्ये 6). बैठक कामाच्या वेळी ठेवली तर रोजंदारीवरच्या सभासदाची मजुरी बुडते. तेव्हा ती रविवारी उपासनेनंतर घ्या, आणि प्रवासखर्च सगळ्याच सभासदांना द्या, म्हणजे तो एकट्याला मागावा लागणार नाही.

गळालेल्या कुटुंबाला भेटायला जाताना सामानाची पिशवी नेऊ नका. पुढच्या रविवारी शास्त्रवाचन किंवा प्रार्थना कराल का, असं विचारा. वाचता येतं की नाही याची खात्री नसेल, तर दोन्ही पर्याय एकदमच पुढे ठेवा.