३५ मिमी की ५० मिमी? पहिली प्राइम लेन्स कशी निवडावी

पहिली प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली लेन्स, घ्यायची म्हटली की बहुतेकांची गाडी ३५ आणि ५० मिमी या दोन आकड्यांपाशी अडते. दोन्ही लेन्स वजनाला हलक्या, दोन्हींचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र; एफपुढचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/१.८ आणि दोन्हींनी काढलेले फोटो पाहताना छानच वाटतात. शार्पनेसचे तक्ते कितीही चाळले तरी यातून वाट निघत नाही, कारण एफ/४ पर्यंत आलं की दोघींतला फरक नेहमीच्या फोटोत सहसा जाणवतही नाही. ठरवायचं असतं ते एवढंच: तुम्ही ज्या जागी फोटो काढता तिथे किती मागे सरकता येतं?

१. आधी सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारी चिप, पाहा. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. त्यावर ३५ मिमी लेन्सला आडवं सुमारे ५४ अंशांचं दृश्य दिसतं, ५० मिमीला ४०. निकॉन, सोनी, फुजीफिल्म यांचे लहान, म्हणजे एपीएस-सी किंवा ‘क्रॉप’ सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद आहेत. तिथे हेच कोन अनुक्रमे ३७ आणि २६ अंशांवर येतात. म्हणजे एपीएस-सीवरची ३५ मिमी ही फुल फ्रेमवरच्या ५० मिमीच्या जवळ जाते आणि ५० मिमी थेट ७५ मिमीसारखी वागते. कॅननचा एपीएस-सी थोडा लहान असल्याने तिथे ती ८० मिमीसारखी दिसते. ‘५० मिमी माणसाच्या नजरेसारखी’ हा सल्ला फुल फ्रेमवरचा आहे. तो तसाच उचलून क्रॉप सेन्सरसाठी लेन्स घेतली, की घरात भिंतीला पाठ टेकूनही माणसं फ्रेममध्ये मावत नाहीत.

२. जुने फोटो तपासा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा हाच मिमीचा आकडा, नोंदलेली असते. लाइटरूम किंवा मोफत मिळणाऱ्या डिजिकॅमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्या आकड्यानुसार फोटो वेगळे काढता येतात. सगळे फोटो मोजू नका; तुम्हाला स्वतःला आवडलेले शंभरेक पुरेत. एक सावधगिरी मात्र बाळगा. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची झूम, म्हणजे किट लेन्स, वापरणाऱ्यांचे बरेच फोटो १८ किंवा ५५ वर अडकलेले असतात, कारण रिंग टोकापर्यंत फिरवायची सवय असते. ही दोन टोकं बाजूला ठेवून मधले आकडे पाहा.

३. झूमची रिंग बांधून टाका. किट लेन्स ३५ वर आणा आणि रिंगवर मास्किंग टेप लावा. साधी चिकटपट्टी नको, तिचा गोंद रबरावर राहतो. काही दिवस तेवढ्यावरच फोटो काढा, मग ५० वर तेच करा. लेन्सवर ५० ची खूण नसेल तर एक फोटो काढून त्याच्या माहितीतला आकडा बघा. विजेवर चालणाऱ्या झूमला टेपचा उपयोग नाही. कॅमेरा बंद करून पुन्हा लावला की फोकल लेंग्थ बदललेली असू शकते, म्हणून दर वेळी स्क्रीनवर पाहून घ्या.

या चाचणीत फक्त चौकट आणि अंतर जोखा. किट लेन्स ५० च्या आसपास एफ/५.६ वर असते आणि एफ/१.८ वर तिच्या सुमारे दहापट प्रकाश येतो. त्यामुळे मागची धूसरता आणि अंधारातला आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) यांवरून आत्ता काहीही ठरवू नका.

४. अंतर मोजा. हिशेब सोपा आहे: हवी ती रुंदी गुणिले फोकल लेंग्थ, भागिले सेन्सरची रुंदी. चार माणसं शेजारी शेजारी उभी करायला अडीच मीटर रुंदी धरा. एपीएस-सीवर ३५ मिमीला ३.७ मीटर अंतर लागेल, ५० मिमीला ५.३. त्यात स्वतः उभं राहायला अर्धा मीटर वाढवा आणि घरातल्या सर्वात मोठ्या खोलीत टेप धरून बघा. बऱ्याच जणांचा निर्णय इथेच होतो.

चेहऱ्याच्या बाबतीत पारडं फिरतं. उभ्या चौकटीत अर्धा मीटर उंची भरायची तर ५० मिमी घेऊन एक मीटरवर थांबता येतं, ३५ घेऊन पाऊण मीटरपर्यंत जावं लागतं. इतक्या जवळून नाक मोठं आणि कान लहान दिसू लागतात. दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो. ३५ घेऊन मागे या आणि नंतर क्रॉप करा, चेहरा नीट दिसेल.

५. धूसरता आणि हात हलणं. दोन मीटरवर एफ/१.८ ला एपीएस-सीवर ५० मिमीची फोकसमध्ये येणारी स्पष्ट पट्टी सुमारे ११-१२ सेंमी जाडीची असते, ३५ मिमीची त्याच्या दुप्पट. पार्श्वभूमी विरघळवायची हौस असेल तर ५० घ्या, पण दोन माणसं पुढेमागे उभी असली की एफ/४ वर जावंच लागेल. हाताचा कंप सावरणारं स्थिरीकरण नसेल तर ५० साठी शटर १/८० सेकंद आणि ३५ साठी १/५० पेक्षा संथ ठेवू नका. धावत्या मुलासाठी दोन्हींवर १/२५० किंवा जास्तच हवा.

६. माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडायची जागा) आणि मोटर. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकस मोटर नाही, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेली एएफ-डी लेन्स त्यांवर हातानेच फोकस करावी लागते. कॅननच्या एपीएस-सीसाठी बनवलेल्या ईएफ-एस लेन्स त्यांच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाहीत. पुढे फुल फ्रेम घ्यायचा पक्का विचार असेल तर फुल फ्रेमचीच लेन्स घ्या. तो ‘कधीतरी’ असेल तर आजच्या कॅमेऱ्याला शोभेल ती.

एकच घ्यायची असेल तर आमचं मत असं: एपीएस-सीवर ३५. फुल फ्रेमवर माणसांचे फोटो जास्त असतील तर ५०, घर-रस्ता-प्रवास असेल तर ३५.

७. हाती आल्यावर. विटांच्या भिंतीसमोर, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला समांतर ठेवून एफ/२.८ वर फोटो काढा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर ते चालतं. एकच बाजू सतत धूसर येत असेल तर आतली काच तिरकी बसलेली असू शकते, लेन्स बदलून घ्या. वापरलेली घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून आत मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, आणि अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक दिसली तर ती पाती पुढे अडकू शकतात. दोन्हींपैकी काहीही दिसलं तर ती लेन्स परत करा.