केनिकॉटला जाताय? आधी टायर बघा

आमचं भांड्यांचं दुकान मुंबईच्या तांबा काट्यावर, त्यामुळे लेक सिएटलहून 'अलास्काला या' म्हणाली तेव्हा मी क्रूझ नको, केनिकॉटची तांब्याची खाण दाखव म्हटलं. मुंबईकरांनी जायचं तर असं जा.

जून ते ऑगस्टच निवडा. सिएटलमार्गे अँकरेज, तिथून गाडीने सात-आठ तास. डोकेदुखी शेवटच्या टप्प्याची. चिटिना गाव ते केनिकॉटशेजारचं मॅकार्थी, सुमारे ९६ किलोमीटर खडीचा रस्ता जुन्या रेल्वेमार्गावरच केलाय, आणि रुळांचे खिळे अजूनही वर येतात. बऱ्याच भाड्याच्या गाड्यांना इथे परवानगी नसते, तेव्हा आधी लेखी विचारा. स्टेपनी पूर्ण मापाची घ्या. पुढे नदी. गाडी अलीकडे ठेवायची, पायपुलावरून सामान न्यायचं, पलीकडे केनिकॉटसाठी शटल मिळते. चाकांची मोठी बॅग आणू नका, सॅक बरी.

१९०० साली दोघा शोधकऱ्यांना डोंगरावर हिरवा पट्टा दिसला. लांबून गवतच वाटावं, पण ते तांब्याचं खनिज होतं. आपल्याकडे तांबं हिरवं पडलं की चिंच शोधतात, तिथे गुगेनहाइम आणि मॉर्गन या अमेरिकन धनाढ्यांचा पैसा आला. समुद्रापर्यंत ३१५ किलोमीटर रेल्वे टाकली, १९११ मध्ये खनिजाची पहिली गाडी सुटली. चांगलं खनिज संपलं, १९३८ मध्ये शेवटची गाडी गेली आणि गाव ओस पडलं. केनिकॉट म्हणजे खाणकंपनीचं गाव, तिथे दारूबंदी होती, म्हणून कामगार मॅकार्थीत जायचे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

खनिज दळायची चौदा मजली लाल गिरणी मात्र चुकवू नका. आत गाइडबरोबरच सोडतात, बुकिंग आधी करा. डोंगरावरच्या खाणीतून रोपवेने खनिज थेट वरच्या मजल्यावर यायचं आणि मजल्यामजल्याने खाली उतरताना दळलं, चाळलं जायचं. तुम्हीही वरूनच आत शिरता. हलणाऱ्या टेबलांपाशी थांबा: सुपात पाखडावं तसं जड तांबं एका कडेला, हलका दगड दुसऱ्या. जिने उभे आहेत, गुडघे दुखत असतील तर बाहेरूनच बघा.

एका दिवसात उरकू नका, दोन रात्री तरी राहा. दुसरा दिवस रूट ग्लेशियर या हिमनदीला ठेवा. बर्फावर चालायचं तर बुटांना लावायचे काटे हवेत, गाइड देतात. आणि गावासमोर पसरलेले राखाडी ढिगारे बघून 'केवढा खाणीचा कचरा!' म्हणू नका. मातीदगडाखाली झाकलेली ती केनिकॉट हिमनदीच आहे.