ब्रोच आधी पालथा करून पाहावा

साडीच्या पदरावर लावण्यासाठी घेतलेला किंवा परदेशातील नातलगांकडून आलेला मीनाकारीचा रंगीत ब्रोच किती जुना आणि किती मोलाचा आहे, हे त्याच्या दर्शनी बाजूवरून क्वचितच कळते. येथे विचार केला आहे तो विसाव्या शतकातील अमेरिकन नकली दागिन्यांचा, म्हणजे साध्या मिश्रधातूवर सोन्याचा मुलामा देऊन घडवलेल्या ब्रोचचा. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि दिवसाचा उजेड एवढ्या साधनांवर बरीचशी पारख होते.

ब्रोच पालथा करून प्रथम ठसा शोधावा. ट्रिफारी या न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध कंपनीच्या ठशात टी अक्षरावर मुकुट दिसतो. याच कंपनीने लढलेल्या एका खटल्यात तेथील संघीय न्यायालयाने १९५५ मध्ये नकली दागिन्यांच्या रचनेलाही स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय दिला. त्यामुळे नावाशेजारी वर्तुळातील सी, म्हणजे स्वामित्वहक्काचे चिन्ह असेल, तर ब्रोच साधारणपणे त्या निर्णयानंतरचा समजावा. त्याआधीच्या दागिन्यांवर काही वेळा रचनेच्या पेटंटचा क्रमांक असतो. तो सापडणे ही भाग्याचीच गोष्ट, कारण अमेरिकी पेटंटच्या नोंदींत त्या क्रमांकाखाली मूळ रेखाचित्र, तारीख आणि रचनाकाराचे नाव मिळते. ट्रिफारीच्या बाबतीत ते अनेकदा आल्फ्रेड फिलिप यांचे असते. ‘स्टर्लिंग’ हा चांदीचा ठसाही बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धात मिश्रधातूतील कथलावर निर्बंध आल्याने कारागीर चांदीकडे वळले, म्हणून चांदीवर मुलामा दिलेले असे बरेच ब्रोच युद्धकाळातील किंवा त्यानंतरच्या काही वर्षांतील असतात.

ठसा नाही म्हणून ब्रोच बाजूला टाकू नये. उत्तम घडणीचे कितीतरी ब्रोच बिनठशाचे आहेत. अशा वेळी मागच्या टाचणीची बिजागरी आणि ती अडकवण्याचा आकडा पाहावा, पण त्यांच्याभोवती नव्या झाळकामाचे ओघळ दिसले, तर ते मागाहून बसवलेले असू शकतात आणि त्यांच्यावरून काळ ठरवता येत नाही.

आता रंगाकडे. खरा मीना म्हणजे धातूवर वितळवलेली काच, आणि त्यासाठी सामान्यतः ७५० ते ८५० अंश सेल्सिअस उष्णता लागते. कथील २३२ अंशांना आणि जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते, त्यामुळे अशा धातूंच्या ओतीव ब्रोचवर काचेचा मीना चढवणे शक्यच नसते. त्यांच्यावरचा रंग हा कमी उष्णतेवर वाळवलेला लेप असतो, आणि तो अस्सल जुन्या ब्रोचवरही तसाच असतो. त्याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे आहे. तांब्याचे ब्रोच मात्र भट्टीची आच सोसतात. कॅलिफोर्नियातील रेन्वार या कंपनीच्या, ‘मातिस’ असा ठसा असलेल्या, १९५० च्या दशकापासूनच्या तांब्याच्या ब्रोचवर खरा काचेचा मीना आढळतो.

भिंगाखाली दोन्हींतला फरक स्पष्ट दिसतो. काचेचा टवका उडाला, की खड्ड्याची कड धारदार आणि शिंपल्यासारखी वळलेली राहते. लेपाचा पापुद्रा सुटतो आणि त्याची कड किंचित उचललेली दिसते. पुन्हा रंगवलेला ब्रोच ओळखण्यासाठी पानाची किंवा पाकळीची कड सावकाश पाहावी. नवा रंग सोनेरी रेषेवर चढलेला असतो, मुलाम्यावरच्या जुन्या ओरखड्यात उतरलेला असतो आणि ब्रोच उजेडात तिरपा धरल्यावर त्याची चकाकी शेजारच्या रंगाशी जुळत नाही. एवढी एक खूण मूल्य बरेच खाली आणते.

मूळ ब्रोचवरून साचा घेऊन ओतलेली नक्कलही बाजारात असते. थंड होताना धातू आकसतो, म्हणून ती मूळ ब्रोचपेक्षा थोडी लहान भरते आणि तिच्यावरचा ठसा पुसट उमटतो.

मोल ठरवण्यापूर्वी ब्रोच उजळवण्याचा मोह आवरावा. चिंच, लिंबू, दंतमंजन काहीही लावू नये आणि तो पाण्यात बुडवू नये, कारण पाणी खड्यांमागच्या चकाकत्या थरात शिरून खडे काळवंडतात. मऊ, कोरडा कुंचला पुरतो.

किमतीसाठी विक्रेत्यांनी मागितलेले आकडे धरू नयेत. तोच ठसा, तीच रचना आणि तशीच रंगाची अवस्था असलेले ब्रोच लिलावात प्रत्यक्षात कितीला विकले गेले, ते पाहावे. फुलापानांचे ब्रोच विपुल आहेत; प्राणी, पक्षी आणि माणसांच्या आकृतींना संग्राहक सहसा अधिक मोजतात. जोडीची कर्णफुले सोबत असतील, तर ती वेगळी विकू नयेत.