जुन्या कपाटाचा कुबट वास: पॉलिश सोडा, आतलं कोरं लाकूड बघा

सागवानी कपाटाला वास यायला लागला की बहुतेक जण ते बाहेरून घासत बसतात. बाहेर पॉलिश असतं, तिथं वास मुरतच नाही. तो मुरतो कोऱ्या लाकडात: खणाच्या तळाला, फळ्यांच्या खालच्या अंगाला, मागच्या पाठीला. म्हणून आधी खण काढून एकेक नाकाशी धरा. कित्येकदा वास फक्त प्लायवूडच्या पाठीचा निघतो. तसं असेल तर पाठच बदला, घासाघीस वाचते.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका, हवेतच ओल असते. दसरा झाला की कपाट भिंतीपासून हातभर ओढा, दारं उघडी टाका, आत पंख्याचा वारा लागू द्या. भर उन्हात ठेवलं तर व्हिनियर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) सुटतं, सांधे उलतात. सावलीच बरी.

2019 किंवा 2021 सारख्या पुरात भिजलेल्या कपाटाचा गाळ वाळायच्या आत धुऊन काढावा लागतो. फुगलेला खण मुठीला धरून ओढू नका, दर्शनी पट्टी हातात येते. पाठ काढून मागून ढकला. खण पूर्वीसारखा सरकायला लागला म्हणजे लाकूड बऱ्यापैकी सुकलं. याला कित्येक आठवडे जातात, घाई चालत नाही.

मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, फडकं घट्ट पिळून आतून पुसा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं टिपा. बुरशी असेल तर मास्क लावा आणि ती कोरडी झाडू नका, कण घरभर उडतात. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

दोन दिवसांनी खाण्याचा सोडा ताटात पसरून आत ठेवा, जोडीला अर्धा किलो कोरड्या लाकडी कोळशाची पुरचुंडी, आणि दारं आठवडाभर बंद. एवढ्यानं हलका वास जातो. उंदराच्या मुताचा डाग मात्र यानं हलत नाही. तो 120 नंबरच्या पॉलिश पेपरनं रेषांच्या दिशेनं घासा, वर 220 फिरवा. व्हिनियर असेल तर बेतानं, थर कागदाएवढा असतो.

तरीही वास उरला तर चपडा लाख, म्हणजे पॉलिशला वापरतात ते लाखेचे पातळ पापुद्रे, लावून तो लाकडातच बंद करा. एक लिटर स्पिरिटमध्ये 200 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, मधूनमधून ढवळा, सकाळी मलमलीतून गाळा. आतून दोन हात मारा, मध्ये तासभर थांबा. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, तो वाया गेला असं समजू नका. खिडक्या उघड्या हव्यात, देवघरातला दिवासुद्धा विझलेला हवा. बाहेरच्या जुन्या पॉलिशवर थेंब सांडू देऊ नका, तेही चपड्याचं असेल तर तिथंच विरघळतं. ओल्या लाकडावर चपडा मारला की ओल आत कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यात वास परत येतो.

डांबरगोळ्यांचा वास वेगळा. त्याला सोडा फारसा लागू पडत नाही. गोळ्या काढून टाका आणि मार्च-एप्रिलच्या उकाड्यात दारं सताड उघडी ठेवा, लाकडात मुरलेला गोळ्यांचा अंश आपोआप उडून जातो.