गॅम्बी गटातले डास कसे ओळखायचे: एका पायापासून नकाशापर्यंत

आफ्रिकेतल्या ॲनोफिलिस गॅम्बी गटातल्या प्रजाती सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. हिवताप पसरवणारी ॲ. गॅम्बी कुठली आणि प्रामुख्याने गुरांना चावणारी ॲ. क्वाड्रिॲन्युलेटस कुठली, हा निवाडा डीएनएवरच होतो.

पकडलेला डास लगेच वाळवा. नळीच्या तळाशी सिलिका जेल, वर कापसाचा बोळा, त्यावर एकच डास. ओल राहिली की बुरशी धरते आणि डीएनएचे तुकडे पडतात. क्रमांक पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी नळीत टाका. पेनाची शाई अल्कोहोल लागताच जाते.

डीएनएसाठी एक-दोन पाय पुरतात. पोट घेऊ नका: रक्तातलं हीम (लोहयुक्त रंगद्रव्य) पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया, अडवतं, शिवाय मादीच्या शुक्रकोषात नराचे शुक्राणू असतात. डोकं आणि छाती स्पोरोझॉइटच्या (हिवतापाच्या परजीवीच्या, डासातून माणसात जाणाऱ्या अवस्थेच्या) तपासणीसाठी राखून ठेवा.

स्कॉट, ब्रॉगडन आणि कॉलिन्स यांनी 1993 साली दिलेली पीसीआरची पद्धत आजही पहिली पायरी म्हणून उत्तम आहे. सगळ्या प्रजातींना लागणारा एक प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) आणि प्रजातीनुसार चार, असे पाच प्रायमर एकाच नळीत घालतात. सुरुवातीला 95 अंश सेल्सिअसला 5 मिनिटं; मग 95, 50 आणि 72 अंशांना प्रत्येकी 30 सेकंद, अशी 30 आवर्तनं; शेवटी 72 अंशांना 5 मिनिटं. तयार झालेले तुकडे लांबीनुसार वेगवेगळ्या पट्ट्यांत सुटे करायला जेल 2.5 टक्के ॲगरोजचं करा. त्याहून पातळ जेलवर जवळचे पट्टे नीट सुटत नाहीत.

390 बेसपेअरचा (बेसपेअर हे डीएनएच्या लांबीचं एकक) पट्टा म्हणजे गॅम्बी, 315 म्हणजे अराबिएन्सिस, 153 म्हणजे क्वाड्रिॲन्युलेटस. मेलास आणि मेरस यांचे पट्टे 464 आणि 466. दोन बेसपेअरचा फरक जेलवर दिसणार नाही. इथे ठिकाणच निकाल देतं: मचूळ पाण्यात वाढणारी मेलास पश्चिम किनाऱ्यावर, मेरस पूर्व किनाऱ्यावर.

390 आला म्हणून काम संपत नाही. 2013 साली वेगळी प्रजाती ठरलेली कोलुझी हाच पट्टा देते. त्यासाठी साइन-200 या डीएनएच्या भागाची दुसरी पीसीआर करा: कोलुझी 479, गॅम्बी 249. एकाच नमुन्यात 390 आणि 315 दोन्ही दिसले तर संकर म्हणण्याची घाई नको. दुसऱ्या पायातून नव्याने डीएनए काढा. बहुतेकदा भेसळच निघते. पाण्याच्या कंट्रोलमध्ये (डीएनएऐवजी पाणी घातलेल्या नळीत) पट्टा आला तर अख्खी फेरी बाद.

पट्टाच आला नाही, तर आधी डीएनए दहापट पातळ करून बघा. तरीही काही नाही आणि शेजारचे ओळखीच्या डीएनएचे कंट्रोल मात्र व्यवस्थित, तर तो डास बहुधा या गटातला नाहीच. असे नमुने फेकू नका, त्यांचा आयटीएस-2 हा डीएनएचा भाग सिक्वेन्स करा, म्हणजे त्याचा अक्षरक्रम वाचा. मुंबई-गोव्यात टाक्यांमध्ये वाढणारी ॲ. स्टीफेन्सी 2012 मध्ये जिबूतीत आणि 2016 मध्ये इथिओपियात आढळली आहे, आणि घाईच्या नजरेला तिचे ठिपकेदार पाय गॅम्बीसारखेच वाटतात.

नकाशासाठी प्रत्येक नमुन्यामागे अक्षांश-रेखांश, तारीख आणि पकडण्याची पद्धत नोंदवा. फक्त घरात फवारून डास गोळा केले तर गोठ्यात, झुडपांत विसावणारी अराबिएन्सिस कमी भरते आणि नकाशा चुकतो. ‘शोधलं पण सापडली नाही’ आणि ‘शोधलंच नाही’ यांना वेगवेगळी चिन्हं द्या.